पेशंटचा उजवा

दातांच्या डॉक्टरांनी साठाव्या वर्षी दवाखाना बंद केला, तेव्हा गल्लीतल्या लोकांनी त्यांच्या निवृत्तीचं वेळापत्रक परस्पर ठरवून टाकलं होतं. सकाळी फिरायला जाणार, दुपारी ताणून देणार आणि संध्याकाळी कट्ट्यावर बसून लोकांना गोड कमी खा म्हणून सांगणार. डॉक्टरांनी यातलं काहीही केलं नाही. त्यांनी पेशंटांची बाकडी देऊन टाकली, बाहेरच्या खोलीची रस्त्याकडची भिंत पाडून तिथं शटर बसवलं आणि एका सकाळी टोचन करून आणलेली भलीमोठी अमेरिकन गाडी आत ढकलली. गाडी खोलीत मावली, पण पुढून मागं जायचं तर पोट आत ओढून जावं लागे.

"स्वतःपेक्षा वयानं मोठी आणलीस," डॉक्टरांची थोरली बहीण अक्का वरच्या मजल्यावरून खाली येऊन म्हणाली. खरंच होतं ते. गाडी पन्नास सालची होती. तिचं नाव लिहिलेली अक्षरं कधीच गळून पडली होती, त्यामुळे घरात तिला सरळ 'अमेरिकन' म्हणायची पद्धत पडली.

डॉक्टरांनी ती का घेतली, याची त्यांनी लोकांना बरीच भारदस्त कारणं सांगितली. खरं कारण एकच होतं. तिला दात होते. पुढच्या जाळीच्या जागी जाडजूड, चकचकीत असे नऊ दात, आणि त्यातला मधला पडलेला. भंगारवाल्याच्या आवारात डॉक्टर तिच्यासमोर उकिडवे बसले, एकेक दात बोटानं हलवून पाहिला, 'हिरड्या चांगल्या आहेत' म्हणाले आणि सौदा करून मोकळे झाले. पडलेला दात त्यांनी पुढं कवळीच्या मसाल्यातून स्वतः घडवून बसवला. त्यामुळे अमेरिकनचे आठ दात पोलादी आणि पाचवा माणसासारखा दिसतो. रस्त्यानं जाणारी लहान मुलं शटरपाशी थबकून तिच्याकडं बघत आणि मग आपापल्या आईचा हात घट्ट धरत.

गाडी आणली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या ठोक्याला बाई आल्या.

बाई म्हणजे डॉक्टरांच्या दवाखान्यातल्या मदतनीस. सत्तावीस वर्षं डॉक्टरांनी मान न वळवता नुसता हात पुढं करावा आणि हवं ते हत्यार हातात पडावं, अशी त्यांची कामाची रीत. कुठलं हवं हे बाईंना आधीच कळायचं. बाईंना एकेकाळी नवराही होता. तो त्यांना सोडून गेला नव्हता, त्याच घटस्फोट घेऊन त्याला सोडून आल्या होत्या, आणि त्याबद्दल त्या कधी चकार शब्द काढत नसत. दवाखाना बंद होताना डॉक्टरांनी त्यांना शेवटचा पगार आणि भिंतीवर लावायचं एक नवं घड्याळ देऊन रीतसर निरोप दिला होता.

"गाडी आणलीत असं ऐकलं," बाई म्हणाल्या. त्यांनी खुंटीवरचा आपला जुना ॲप्रन काढला, अंगात घातला आणि विचारलं, "कुठून सुरुवात?"

सुरुवात डाव्या चाकापासून झाली आणि तीन दिवस तिथंच राहिली. चाकाचे बोल्ट निघेनात. डॉक्टरांनी पान्याला लांब पाइप लावला, पाइपवर स्वतः लोंबकळले, मग अक्कालाही लोंबकळायला सांगितलं. अक्कानं नकार दिला. तिसऱ्या दिवशी दोन बोल्ट तुटले, तेव्हा बाईंनी गाडीबरोबर मिळालेलं जीर्ण पुस्तक उघडलं आणि शांतपणे वाचून दाखवलं की या गाडीच्या डाव्या बाजूच्या चाकांचे आटे उलटे असतात. म्हणजे डॉक्टर तीन दिवस ते बोल्ट जीव खाऊन आवळत होते. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला आणि त्या हाताचं वंगण कपाळावर आठवडाभर राहिलं.

त्या दिवसापासून डॉक्टरांनी नियम केला: प्रत्येक गोष्टीची नोंद ठेवायची. आणि नोंद ठेवायची म्हटल्यावर या दोघांना एकच तऱ्हा येत होती. दवाखान्यात पेशंटांच्या दातांचे नकाशे काढायची दीड हजार कोरी कार्डं उरली होती, ती वापरायला घेतली. दरवाजाचे स्क्रू 'वरचे डावे' झाले, दिव्यांच्या वायरी 'खालच्या उजव्या' झाल्या. मोजायचं मधून बाहेर, एक-दोन-तीन, अगदी दातांसारखं. आणि डावं-उजवं नेहमी पेशंटचं. डॉक्टर समोर उभा असतो, त्यामुळे पेशंटचा उजवा त्याच्या डाव्या हाताला येतो, हे या धंद्यात पहिल्या दिवशी शिकवतात. ते चुकलं तर चांगला दात उपटला जातो आणि किडका तोंडात राहतो.

एवढं सगळं झकास चाललं होतं, त्याला चार वर्षं झाली. कार्ब्युरेटरची बारीक छिद्रं रूट कॅनालच्या सुयांनी साफ झाली. इंजिनामागचा कोपरा तोंडात घालायच्या आरशानं पाहिला गेला. ब्रेक पुरे झाले, रेडिएटर गळायचा थांबला, मागची सीट अक्काच्या खोलीतून परत खाली आली. अक्का तिच्यावर बसून वर्तमानपत्र वाचायची, म्हणून ती देताना जरा कुरकुरली आणि बदल्यात दातांच्या खुर्चीवर हक्क सांगितला. ती खुर्ची मागं रेलते. अक्का रोज दुपारी तिच्यात झोपायची.

आता मुख्य गोष्ट. डॉक्टरांचं बाईंवर प्रेम होतं. हे त्यांना दवाखाना बंद केल्यावर दहा मिनिटांत कळलं आणि सांगायला चार वर्षं पुरली नाहीत. त्यांनी प्रयत्न केला नाही असं नाही. एकदा चहा पिताना ते म्हणाले, "बाई, मला तुम्हाला एक विचारायचंय." बाईंनी कप खाली ठेवला आणि वर पाहिलं. डॉक्टरांच्या तोंडातून आलं, "तो मोठा पाना कुठं ठेवलाय?" पाना त्यांच्याच हातात होता. सगळा जन्म तोंडावर मास्क लावून दुसऱ्यांना तोंड उघडायला सांगण्यात गेलेला, स्वतःचं उघडायचं म्हणजे भलतंच अवघड. शेवटी त्यांनी मनाशी ठरवलं की गाडी चालू झाली की पहिल्या फेरीला बाईंना शेजारी बसवायचं आणि तेव्हा विचारायचं. गाडी चालवताना समोर बघावं लागतं, त्यामुळे बाईंच्या डोळ्यांत बघायची वेळ येणार नाही.

"तू विचारतोस की मी विचारू?" अक्का अधूनमधून म्हणायची.

"गाडी होऊ दे," डॉक्टर म्हणायचे.

आणि अशात तीन आठवड्यांपूर्वी बाईंच्या धाकट्या बहिणीचा फोन आला. ती चार तासांच्या अंतरावर राहत होती, मुलं परदेशी गेली होती, घर खायला उठत होतं. तिनं बाईंसाठी रस्त्याकडची खोली रंगवून ठेवली होती. बाईंनी दोन दिवस विचार केला आणि हो म्हटलं. भाड्याची जागा सोडली, सामान टेम्पोतून पुढं धाडलं आणि रविवारच्या साडेबाराच्या बसचं तिकीट काढलं. हे सगळं त्यांनी डॉक्टरांना पिस्टनला तेल लावता लावता सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "छान." त्यानंतर त्यांनी तासभर त्याच पिस्टनला तेल लावलं.

म्हणजे रविवारी साडेबाराच्या आत अमेरिकन चालू होणं भाग होतं. नाही झाली तर बाई बसनं जाणार, आणि मग पुढं कधी पत्र लिहून किंवा फोन करून विचारण्याइतकं धैर्य आपल्याला या जन्मी येणार नाही, हे डॉक्टर स्वतःला पुरते ओळखून होते.

त्या शेवटच्या आठवड्यात मंगळवारी इंजिन दोनदा खोकलं आणि दहा सेकंद चाललं. दहा सेकंद! डॉक्टर खोलीत नाचले, म्हणजे जेवढी जागा होती तेवढ्यात नाचले, आणि आरशाला कोपर लागलं. जुन्या वायरी चिरलेल्या आहेत, त्यांतून ठिणगी वाटेतच गळते, असं त्यांचं निदान झालं. इंजिनाला एका ओळीत सहा प्लग होते आणि प्रत्येकाला आपली वेगळी वायर. प्रत्येक प्लगला त्याच्या त्याच्या पाळीला ठिणगी मिळाली पाहिजे, पाळी चुकली की सगळा घोटाळा. बुधवारी बाईंनी जुन्या वायरी काढताना प्रत्येकीला चिठ्ठी बांधली. डॉक्टरांनी चिठ्ठ्या वाचत वाचत नव्या वायरी चढवल्या.

गुरुवारी स्टार्टर दाबला आणि इंजिनानं तोफेसारखा आवाज काढला. वरच्या मजल्यावर अक्काच्या हातातून चष्मा पडला. पुन्हा दाबला, पुन्हा तोफ, आणि या वेळी कार्ब्युरेटरच्या तोंडातून आगीचा एक लोळ येऊन डॉक्टरांची डावी भुवई घेऊन गेला. डॉक्टरांनी गुरुवारी सगळा कार्ब्युरेटर उघडून बसवला. शुक्रवारी पेट्रोलचा पंप उघडून बसवला. शनिवारी जे जे उघडतं ते ते उघडलं. जेवायला ते वर गेले नाहीत, अक्कानं ताट खाली आणून मडगार्डवर ठेवलं आणि ते तसंच निवलं. सगळं ठीक होतं, आणि गाडी मात्र नुसती धडाम धडाम करत होती. समोरच्या दुकानदारानं शनिवारी शटर अर्ध्यावरच ठेवलं, वेळ आली तर पटकन ओढता यावं म्हणून.

रविवारी दहा वाजता बाई आल्या. हातात बॅग, अंगावर प्रवासाची साडी. डॉक्टर इंजिनात कमरेपर्यंत वाकलेले होते. ते बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा एका भुवईचा आणि काजळीनं भरलेला होता, आणि त्यांना इतकं रडू येत होतं की त्यांनी घाईघाईनं परत आत डोकं घातलं.

"अजून नाही?" बाई म्हणाल्या.

"झालीच," डॉक्टर आतून म्हणाले.

अक्का दातांच्या खुर्चीत रेललेली होती. तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं, मग भावाच्या पाठीकडं पाहिलं आणि मोठा उसासा सोडला.

बाईंनी बॅग खाली ठेवली आणि साडीवरूनच ॲप्रन चढवला. "वायरी पाहिल्यात?"

"वायरी नव्या आहेत बाई. तुमच्या चिठ्ठ्या वाचून घातल्यात. हा बघा, उजवा तीन." डॉक्टरांनी सगळ्यात मागच्या, काचेकडच्या प्लगवर बोट ठेवलं.

बाईंनी वाकून पाहिलं. "तो नाही उजवा तीन."

"मग कुठला?"

"हा." बाईंनी सगळ्यात पुढच्या, दातांजवळच्या प्लगवर बोट ठेवलं.

"बाई, तो डावा तीन आहे."

"मी इथंच उभी होते बुधवारी. माझ्या उजव्या हाताला हाच येत होता. म्हणून उजवा लिहिला."

डॉक्टर हळूहळू ताठ उभे राहिले. "तुमचा उजवा? बाई, पेशंटचा उजवा."

"इंजिनाला कुठं तोंड असतं?"

"सहा जण ओळीत उभे आहेत, तुमच्याकडं तोंड करून! चार वर्षं आपण दरवाजाच्या बिजागरीलासुद्धा पेशंट धरलं, आणि इंजिनालाच तुम्ही..."

"सगळं उलटं लागलंय म्हणजे," अक्का खुर्चीतून म्हणाली. तिला मोटारीतलं ओ की ठो कळत नव्हतं, पण एवढं कळलं.

सगळंच उलटं लागलं होतं. पहिल्याची वायर सहाव्याला, दुसऱ्याची पाचव्याला, तिसऱ्याची चौथ्याला. पाळी आली की नेमकी भलत्यालाच ठिणगी, म्हणून ती तोफ. डॉक्टर घाईघाईनं वायरी उपटू लागले, तेव्हा बाईंनी त्या त्यांच्या हातातून काढून घेतल्या आणि स्वतः एकेक चढवू लागल्या.

"सत्तावीस वर्षांत तुमचं डावं-उजवं एकदाही चुकलं नाही," डॉक्टर म्हणाले. त्यांना खरोखरच नवल वाटत होतं. "बुधवारी काय झालं?"

बाईंनी चौथी वायर दाबून बसवली. "बुधवारी माझं बोट भाजलं होतं. तुम्ही मलम लावत होतात."

"हो. मग?"

"पाच मिनिटं लावत होतात. एवढासा चटका होता." त्यांनी पाचवी वायर बसवली. "त्यानंतर मी चिठ्ठ्या लिहिल्या. काय लिहिलं ते मला आठवतसुद्धा नाही."

डॉक्टरांचे कान तापले. अक्कानं डोळे मिटून झोप लागल्याचं सोंग केलं, पण तिचं पोट हसून हसून हलत होतं.

साडेअकराला स्टार्टर दाबला. इंजिन एकदा खोकलं, दोनदा खोकलं आणि मग चालू झालं. थांबलंच नाही. खोलीतल्या खिडक्यांची तावदानं थडथडायला लागली, कार्डांचे गठ्ठे फडताळातून घसरून खाली आले, अक्का खुर्चीत ताडकन उठून बसली आणि टाळ्या वाजवायला लागली. समोरच्या दुकानदारानं सवयीनं शटर ओढलं आणि मग तोफ न आल्यामुळे परत वर केलं. डॉक्टरांना हसावं की रडावं कळेना, म्हणून त्यांनी दोन्ही केलं.

"बसा," ते बाईंना म्हणाले. "स्टँडवर सोडतो तुम्हाला."

अमेरिकन बाहेर निघाली तेव्हा गल्ली दोन्ही बाजूंनी भरली होती. तिचा सायलेन्सर अजून नीट बसवलेला नव्हता, त्यामुळे ती काही गुपचूप निघण्यातली नव्हती. स्टिअरिंगलगतचा गिअर टाकताना डॉक्टरांनी पहिल्यांदा चुकून मागचा टाकला आणि एक कुंडी गेली. कुंडीच्या मालकिणीनं टाटा केला. आयुष्यात एवढ्या रुंद गाडीत कोणी बसलंय असं त्या रस्त्यानं पाहिलं नव्हतं. बाई आणि डॉक्टर यांच्या मध्ये आणखी दोन माणसं आरामात बसली असती. डॉक्टर ठरल्याप्रमाणे समोर बघत होते, तोंड उघडत होते आणि मिटत होते. आवाज एवढा होता की स्वतःचा विचारसुद्धा ओरडून करावा लागत होता.

"काही म्हणालात का?" बाईंनी ओरडून विचारलं.

"नाही!" डॉक्टर ओरडले.

असं तीनदा झालं. मग स्टँड आला. बारा वाजून पंचवीस मिनिटं झाली होती. बस फलाटाला लागलेली, माणसं बसलेली, कंडक्टर दारात उभा. डॉक्टरांनी गाडी बसच्या शेजारी नेऊन उभी केली. इंजिन बंद करायची त्यांची छाती नव्हती, बॅटरी नावालाच होती. बाईंनी बॅगेचा बंद खांद्याला लावला आणि दाराच्या कडीवर हात ठेवला. डॉक्टरांनी स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरलं, समोर पाहिलं आणि सगळा जीव गोळा करून ओरडले, "बाई, मला तुम्हाला चार वर्षं एक विचारायचंय..."

इथं इंजिन बंद पडलं.

"...माझ्याशी लग्न कराल का?"

स्टँडवर एकदम शांतता झाली होती आणि तीत डॉक्टरांचा आवाज शेवटच्या फलाटापर्यंत गेला. बसच्या खिडक्यांतून ओळीनं डोकी बाहेर आली. शेंगदाणेवाल्यानं पुडी बांधायची थांबवली. डॉक्टरांना वाटलं, जमीन दुभंगावी आणि गाडीसकट आत घ्यावं.

बाईंनी कडीवरचा हात काढला. "इकडं बघून विचारा."

डॉक्टरांनी मान वळवली. एकतीस वर्षांत पहिल्यांदाच हात पुढं न करता नुसती मान वळवली. बाईंच्या गालाला काजळीचं बोट लागलं होतं आणि त्या हसू दाबत होत्या, पण डोळे भरून आले होते. डॉक्टरांनी पुन्हा विचारलं, या वेळी अगदी हळू.

"डॉक्टर, दवाखाना बंद झाल्यापासून मी रोज दहा वाजता येते," बाई म्हणाल्या. "पगार नाही, सुट्टी नाही. का येते असं वाटलं तुम्हाला?"

"मला वाटलं, तुम्हाला गाड्यांची आवड आहे."

"गाड्यांची?" बाईंनी त्यांच्याकडं असं पाहिलं की मागच्या खिडकीतल्या दोन बायका फस्सकन हसल्या. "पेट्रोलच्या वासानं माझं डोकं उठतं. चार वर्षं रोज घरी जाऊन बाम लावून झोपतेय मी."

चार वर्षं, रोज, बाम लावून. डॉक्टरांनी खिशातला रुमाल काढला, तो वंगणानं माखलेला होता, तरी त्यांनी त्यानंच डोळे पुसले आणि उरलेली भुवईही काळी केली.

"बाई, येताय ना?" कंडक्टरनं घड्याळ बघत विचारलं. त्यालाही उत्तर ऐकायचं होतं, पण बसची वेळ झाली होती.

"नाही येत," बाई म्हणाल्या. "पण तुमच्या लोकांना जरा खाली उतरवा. धक्का मारावा लागेल."

आणि कंडक्टरनं खरंच सगळी बस खाली उतरवली. ड्रायव्हरसुद्धा उतरला. शेंगदाणेवाला आला, दोन हमाल आले. कोणी मडगार्डला हात लावला, कोणी दिव्याला, ज्यांना जागा मिळाली नाही ते नुसते बरोबर पळत आरडाओरडा करत राहिले. स्टँडच्या फाटकापाशी अमेरिकनला एक गचका बसला, ती खोकली आणि धडधडत चालू झाली. मागं तीसेक माणसांनी जल्लोष केला. डॉक्टर इतके खूश होते की त्यांना कुठला रस्ता कुठं जातो हेच आठवेना.

"घरी जाऊ या ना?" त्यांनी ओरडून विचारलं.

"आधी धाकटीकडं," बाई ओरडल्या. "तिनं खोली रंगवलीय माझ्यासाठी. असलं फोनवर सांगायचं नसतं, तोंडावर सांगायला हवं."

"चार तास लागतील बाई. हिला पाच लागतील."

"लागू देत," बाई म्हणाल्या आणि सीटवरून सरकत सरकत त्यांच्या शेजारी येऊन बसल्या. "फक्त तुमच्या बाजूची काच उघडी ठेवा."